टावर शे, पन रेंज नही : खानदेशातल्या मोबाइल नेटवर्कबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

शहादा तालुक्यात मी अकरा वर्षं ई-सेवा केंद्र चालवतोय. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, पीएम किसानची केवायसी, जे असेल ते. काम कुठलंही असो, अडतं एकाच ठिकाणी : ओटीपी येत नाही. डोंगरातून आलेली एक आजी मागच्या पावसाळ्यात काउंटरवर हात टेकवून म्हणाली, "भाऊ, टावर शे, पन रेंज नही." म्हणजे टावर आहे, पण रेंज नाही. तिला मी त्या दिवशी धड उत्तर देऊ शकलो नाही. तेव्हापासून जे वाचलं, विचारलं, पाहिलं, ते इथे प्रश्नोत्तरांत मांडतो.

गावात टावर डोळ्यांना दिसतो, मग फोन का लागत नाही?

टावरखाली उभं राहून एकदा नीट वर बघा. उभट, लांबट पेट्या दिसतील, त्या तुमच्या फोनशी बोलतात. त्यांच्या जवळच गोल ढोलासारखं काहीतरी लावलेलं असेल, ते दुसऱ्या टावरशी बोलतं. तुमचा कॉल पेटीतून आत येतो आणि ढोलातून किंवा जमिनीखालच्या फायबरमधून पुढे जातो. पुढची वाट अरुंद असली की फोनवर चार दांड्या दिसूनही पान उघडत नाही. अख्ख्या गावाचं पाणी अर्ध्या इंचाच्या नळीतून काढल्यासारखं होतं. दांड्या फक्त पेटीपर्यंतची खबर देतात, त्यापुढची नाही.

दुसरं कारण वीज. लाइट गेली की टावर बॅटरीवर चालतो, बॅटरी उतरली की डिझेलवर. रस्ता वाहून गेलेल्या पाड्यावर डिझेलचा कॅन डोक्यावर न्यावा लागतो. म्हणून मोठ्या पावसात आधी लाइट जाते आणि काही तासांनी रेंज जाते. आमच्याकडे हा क्रम लहान पोरांनाही पाठ आहे.

तिसरं कारण गर्दी. सारंगखेड्याच्या यात्रेत फोन का लागत नाही, याचं उत्तर हेच. एका टावरची ताकद तेवढीच असते आणि ती सगळ्यांत वाटली जाते.

फोन नसला तर एवढं काय बिघडतं? आमचे आजोबा बिनफोनचेच जगले.

आजोबांच्या काळात रेशन अंगठ्याच्या मशीनवर मिळत नव्हतं, आता मिळतं. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी दिलं गेलं ते आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. म्हणजे माणसाची ओळख संगणकात नेण्याची सुरुवात आपल्याच मातीत झाली. त्यानंतर रेशन, मजुरी, पेन्शन, शिष्यवृत्ती, पीकविमा सगळं त्या ओळखीला जोडलं गेलं. ई-पीक पाहणीचा फोटो बांधावर जाऊन काढायचा असतो, पण तो वर चढवायला रेंज लागते.

धडगाव ते मोलगी रस्त्यावर मी एक महूचं झाड पाहिलंय. त्याच्या एका फांदीला प्लास्टिकच्या पिशवीत फोन लटकवलेले असतात, कारण तेवढ्याच उंचीवर मेसेज पकडतो. खाली बाया बसून वाट पाहतात. पिशवीतला फोन वाजला की एक जण उठते, आकडा वाचते आणि पुन्हा बसते, कारण तो ओटीपी दुसरीचा असतो. मजुरीचे पैसे खात्यात आले की नाही, हे कळायला जिला अर्धा दिवस झाडाखाली बसावं लागतं, तिच्यासाठी नेटवर्क ही चैन कशी म्हणायची? रस्ता आणि पाणी यांच्याच ओळीत त्याला बसवलं पाहिजे.

कंपन्या डोंगरात टावर का लावत नाहीत?

हिशोब जुळत नाही म्हणून. रावेर, यावल, चोपड्याच्या सपाटीवर एक टावर चार-पाच गावं धरतो. तिथे केळीचा व्यवहार आहे, सकाळी रावेर आणि बऱ्हाणपूरचे भाव व्हॉट्सअॅपवर फिरतात, घरटी दोन-तीन फोन आहेत. तोच टावर डोंगरातल्या अक्राणी (धडगाव) तालुक्यात उभा केला तर त्याला एकच दरी दिसते. रेडिओलहर डोंगर ओलांडून पलीकडे उतरत नाही. पाडे विखुरलेले, प्रत्येक वळणाआड दहा-वीस घरं. सामान चढवायचा खर्च जास्त, विजेची लाइन लांबून आणायची, आणि महिन्याचा गल्ला थोडा.

कंपनीने नफा पाहणं मला समजतं. पण ज्या हवेतल्या लहरींवर तिचा धंदा चालतो, त्या सार्वजनिक मालकीच्या आहेत. सरकार त्या लिलावात ठरावीक वर्षांसाठी वापरायला देतं. २०२२ च्या ५जी लिलावात दीड लाख कोटी रुपयांच्या बोली लागल्या. मालक लोक असतील, तर मालकाने अटी घालाव्यात, आणि त्या घातल्याही जातात : लहरी घेतल्यावर ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या ठिकाणी सेवा सुरू करावी लागते. अडचण अशी की या अटी शहरं आणि तालुक्याच्या गावांपाशी संपतात. त्यापुढे जिथे हिशोब तुटतो, तिथे सार्वजनिक पैसा घालावाच लागतो.

हा सार्वजनिक पैसा येतो कुठून? आमच्या रिचार्जमधून काही जातं का?

जातं. हे उत्तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून आकडे मांडतो.

समजा तुम्ही २९९ रुपयांचं रिचार्ज मारलं. त्यात १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ४५ रुपये ६० पैसे. उरले २५३ रुपयांच्या आसपास. कंपनीला आपल्या समायोजित सकल उत्पन्नाच्या, म्हणजे एजीआरच्या, ८ टक्के परवाना शुल्क सरकारला द्यावं लागतं. या रकमेवर ते वीस रुपयांच्या घरात जातं. त्या ८ टक्क्यांतले ५ टक्के खास गावखेड्यात सेवा पोचवण्यासाठी असतात. म्हणजे एका रिचार्जमागे साधारण साडेबारा रुपये.

हा निधी २००२ मध्ये सुरू झाला, २००३ च्या कायदादुरुस्तीने त्याला कायद्याचा आधार मिळाला. बरीच वर्षं त्याला युनिव्हर्सल सर्व्हिस ऑब्लिगेशन फंड म्हणत. २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्याने त्याचं नाव डिजिटल भारत निधी झालं.

आता महूच्या झाडाखाली बसलेल्या बाईचा विचार करा. तिच्याही रिचार्जमधून हे पैसे गेलेत. तिच्या पाड्यावर टावर आला तर कुणी उपकार करत नाही. तिने आगाऊ भरलेल्या पैशाचं काम तिला मिळतंय. मीटिंगमध्ये बोलताना हे डोक्यात ठेवा, बोलण्याचा सूर आपोआप बदलतो.

मग या निधीतून सातपुड्यात काय आलं?

दोन मोठ्या योजना माहीत असाव्यात. पहिली, ४जी सॅच्युरेशन. जुलै २०२२ मध्ये केंद्राने २६,३१६ कोटी रुपये मंजूर केले. देशातल्या २४,६८० सेवा नसलेल्या गावांत ४जी न्यायचं आणि काम बीएसएनएलने करायचं, असं ठरलं. जानेवारी २०२५ पासून निधीच्या पैशातून उभ्या राहिलेल्या टावरवर एकमेकांच्या ग्राहकांना सेवा घेता येईल, अशी सोय सुरू झाली. त्याआधी एका कंपनीचा टावर गावात असूनही दुसऱ्या कंपनीच्या सिमवाला कोरडाच राहायचा. सार्वजनिक पैशाचा टावर सगळ्यांचा असावा, हे फार आधी व्हायला हवं होतं.

दुसरी भारतनेट, तिच्याबद्दल पुढे.

माझी तक्रार मोजणीबद्दल आहे. योजना गाव मोजते. आपल्याकडे एका महसुली गावाखाली सात-आठ पाडे असतात आणि दोन पाड्यांमध्ये एक टेकडी असते. गावठाणात रेंज आली की कागदावर अख्खं गाव झालं. पलीकडच्या उतारावरचे पाडे त्या कागदात नसतात, मग पुढच्या यादीतही येत नाहीत. मोजणी पाड्यानुसार झाली पाहिजे. हे धडगावला, अक्कलकुव्याला, तळोद्याला राहणाऱ्यानेच सांगायचं, दिल्लीतल्या नकाशावर ते दिसत नाही.

ग्रामपंचायतीत भारतनेटची पेटी लागली आहे, दिवे मात्र बंद. का?

२०११ मध्ये ही योजना वेगळ्या नावाने मंजूर झाली, पुढे ती भारतनेट झाली. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं, हा हेतू. फायबर बऱ्याच ठिकाणी पोचलंही. पण तालुक्यापासून एका रेघेत टाकलेली तार एके ठिकाणी तुटली की पुढची सगळी गावं अंधारात. आणि ती तुटतेच. कधी रस्ता रुंदीकरण, कधी पाण्याची पाइपलाइन. जेसीबीवाल्याला खाली काय आहे हे ठाऊक नसतं. त्याच्या दातात नारिंगी नळी अडकून वर येते, तो ती बाजूला टाकतो आणि खोदत राहतो. मी हे स्वतः उभा राहून पाहिलंय. त्यानंतर आमच्या बाजूची तार कित्येक महिने कुणी जोडली नाही.

यावर दोन उपाय आलेत. मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे अॅप आलं. खोदणाऱ्याने आधी त्यात जागा नोंदवायची, म्हणजे खाली ज्याची तार आहे त्याला कळतं. सरपंचांनी कंत्राटदाराला याबद्दल खडसावून विचारावं. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे १.३९ लाख कोटी रुपयांचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर झाला. त्यात तार कड्यासारखी फिरवायची आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने चालू राहील. पेटीला वीज कोण देणार, चावी कुणाकडे, बिघडली तर कुणाला फोन, हे मात्र ग्रामपंचायतीने लिहून भिंतीवर लावावं. अर्ध्या पेट्या एवढ्यासाठीच बंद असतात.

टावर जंगलखात्यामुळे अडलाय असं सांगतात. खरं असतं का?

कधी खरं असतं. पण बहुतेकांना पुढची गोष्ट माहीत नसते.

२००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(२) काढून वाचा. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, रस्ता यांच्यासारख्या गावाच्या गरजांसाठी वनजमीन देता येते, त्या यादीत वीज आणि दूरसंचाराच्या लाइनी आहेत. अटी अशा : प्रत्येक कामाला जमीन एक हेक्टरपेक्षा कमी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. म्हणजे फायबर ओढायचं असेल तर वाट ग्रामसभेच्या ठरावापासून सुरू होते. टावरच्या मनोऱ्याला हे कलम लागू होतं का, हे वनविभागाकडून लेखी घ्या. तोंडी "होत नाही" ऐकून परत फिरू नका.

अक्राणी-अक्कलकुव्यासारख्या अनुसूचित भागात १९९६ च्या पेसा कायद्यामुळे ग्रामसभेच्या शब्दाला आणखी वजन आहे. मी पाहिलेल्या दोन प्रकरणांत फाइल अडली होती ती ठरावात गट नंबर नव्हता आणि कोरम लिहिला नव्हता म्हणून. ग्रामसेवक आणि वनहक्क समिती यांनी एकत्र बसून तो कागद नीट केला की अर्धं काम होतं.

सरकारी जागा, रस्त्याची कड यांसाठी आता २०२४ चे राइट ऑफ वे, म्हणजे तार-टावर न्यायच्या परवानगीचे, नियम आहेत, १ जानेवारी २०२५ पासून लागू. अर्ज ऑनलाइन, मुदत ठरलेली. पूर्वी प्रत्येक नगरपालिका आपापला दर लावायची, ते कमी व्हावं हा त्यामागचा विचार.

ट्राय म्हणजे काय? ते आमची तक्रार घेतात का?

ट्राय ही नियामक संस्था, १९९७ च्या कायद्याने झाली. नियम करणं, सेवेचा दर्जा ठरवणं, कंपन्यांकडून आकडे मागणं, लहरींच्या किमतीबद्दल सरकारला शिफारस करणं ही तिची कामं. परवाना आणि लहरी देतो तो दूरसंचार विभाग. कंपनी-कंपनीत किंवा कंपनी-सरकारात भांडण झालं तर २००० मध्ये झालेलं टीडीसॅट हे न्यायाधिकरण. एकट्या ग्राहकाची तक्रार ट्राय सोडवत नाही, त्यासाठी वेगळा रस्ता आहे. तो शेवटच्या उत्तरात आहे.

रिचार्ज एवढं का महागलं? सरकार दर का ठरवत नाही?

मोबाइलचे दर ट्रायने कंपन्यांवर सोडले आहेत. स्पर्धा असली की दर आपोआप खाली राहतील, हा त्यामागचा विश्वास. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी पाठोपाठ दर वाढवले, तेव्हा त्या विश्वासाला तडा गेला असं मला वाटतं.

पण मागची गोष्टही समजून घ्या. १९९५ मध्ये देशात मोबाइल सुरू झाला, तेव्हा मिनिटाला १६ रुपयांपर्यंत लागायचे आणि येणाऱ्या कॉललाही पैसे पडायचे. कंपन्यांनी परवान्यासाठी अवाच्या सवा बोली लावल्या होत्या, त्या फेडता येईनात. १९९९ च्या धोरणाने पद्धत बदलली : ठोक रक्कम नको, कमाईतला वाटा द्या. त्यानंतर नेटवर्क झपाट्याने वाढलं. एका नियमाने गुंतवणुकीचं दार कसं उघडतं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

त्याच नियमातून पुढे वाद उगवला. कमाई म्हणजे नक्की काय काय? भाडं, व्याज धरायचं का? २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारची व्याख्या मान्य केली आणि कंपन्यांवर सुमारे १.४७ लाख कोटींची देणी आली. त्याआधी २ फेब्रुवारी २०१२ रोजी २जी प्रकरणात १२२ परवाने रद्द झाले होते. कंपन्या कमी होत गेल्या. ज्या उरल्या, त्यांतल्या काही कर्जात. कर्जातली कंपनी नवा टावर मुंबई-आग्रा हायवेवर लावते, तोरणमाळच्या घाटात नाही. २०२१ मध्ये सरकारने देणी लांबवली आणि पुढच्यासाठी व्याख्याही बदलली, पण मधली वर्षं गेली ती गेली.

माझ्याकडे बटणाचा फोन आहे. नेट नको, तरी नेटचे पैसे का भरायचे?

भरू नका. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये नियम केला : फक्त कॉल आणि एसएमएस असलेलं किमान एक तरी रिचार्ज प्रत्येक कंपनीने ठेवायचं, मुदत ३६५ दिवसांपर्यंत चालेल. दुकानदार आपणहून सांगत नाही. "नुसतं बोलायचं रिचार्ज दाखवा" असं म्हणा.

खेतियाच्या बाजूला गेलो की फोन रोमिंग दाखवतो. पैसे कटतात का?

दूरसंचारासाठी देशाचे २२ विभाग केलेत. आपण महाराष्ट्र विभागात, गोवाही त्यातच, मुंबई वेगळी. खेतिया, सेंधवा, बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात, निझर, उच्छल गुजरातेत. लहरीला सीमा कळत नाही, शेजारचा टावर जोरात असला की फोन तिकडे चिकटतो. नवापूरचं स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. आताच्या बहुतेक प्लॅनमध्ये देशभर रोमिंगला जादा पैसे नाहीत, तरी आपला प्लॅन एकदा बघून घ्या.

५जीने डोंगरातला प्रश्न सुटेल का?

लगेच नाही. वेगवान ५जी ज्या ३३०० मेगाहर्ट्‌झच्या लहरींवर चालतं, त्या लांब जात नाहीत. ७०० आणि ९०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी लांब जातात, भिंतीतूनही बऱ्या शिरतात. आपल्याला आधी अशा कमी मेगाहर्ट्‌झच्या लहरींवरचं पक्कं ४जी आणि मागे फायबर हवं.

उपग्रहाचं इंटरनेट येणार म्हणतात?

नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट कंपनीबरोबर इरादापत्र केलं, त्यात नंदुरबारचं नाव आहे. डोंगराची अडचण वरून येणाऱ्या सिग्नलला कमी, हे खरं. आश्रमशाळा, आरोग्य उपकेंद्र यांना त्याचा मोठा उपयोग होईल. पण त्याला वेगळी डिश, वीज आणि मासिक भाडं लागतं, म्हणून घरोघरचा उपाय म्हणून मी त्याकडे बघत नाही.

टावरच्या किरणांनी त्रास होतो का?

भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लावली आहे. शंका असेल तर तरंग संचार या सरकारी पोर्टलवर शुल्क भरून मोजणी मागता येते. भीतीने टावर हाकलण्याआधी मोजणी मागा.

"तुमच्या शेतात टावर लावतो, आधी फाइलचे पैसे भरा" असा फोन आला. भरू का?

एक रुपयाही नको. ट्राय किंवा दूरसंचार विभाग टावरसाठी कुणाकडून पैसे घेत नाहीत. आमच्या केंद्रावर असं "मंजुरीपत्र" घेऊन आलेले शेतकरी मी पाहिलेत, शिक्के हुबेहूब असतात. पैसे गेले असतील तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा.

आता सांगा, तक्रार करायची कशी?

पहिली पायरी कंपनी. १९८ लावा आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. निकाल लागला नाही किंवा पटला नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जा. अपील फुकट असतं आणि ते ३९ दिवसांत निकाली काढायचं असतं. त्यापुढे केंद्राच्या पीजी (तक्रार निवारण) पोर्टलवर दूरसंचार विभागाकडे. आणि जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी जिल्हा ग्राहक आयोग आहे. दूरसंचाराची तक्रार ग्राहक आयोगात चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या दर्जाच्या नियमांत दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. जिल्ह्यात सेवा २४ तासांपेक्षा जास्त बंद पडली तर ग्राहकाला भाड्यात सूट किंवा वाढीव दिवस द्यावे लागतात. आणि कुठे कुठे सेवा आहे, याचा नकाशा कंपनीने आपल्या वेबसाइटवर ठेवायचा आहे.

तो नकाशा ग्रामसभेत उघडा. आपल्या गावाचे पाडे एकेक करून त्यावर शोधा. जिथे नकाशा रंगीत आहे आणि फोन मुका आहे, त्या पाड्याचं नाव, घरांची संख्या, तारीख, वेळ आणि कंपनी वहीत लिहा. आठवडाभर रोज लिहा. तोंडी "रेंज नाही" म्हणणाऱ्याला उद्या या म्हणतात, सात दिवसांची वही पुढे ठेवली की कागद हलतो. वहीची प्रत ठरावासोबत जोडा, एक जिल्हाधिकाऱ्यांना, एक दूरसंचार विभागाला, आणि पोच घ्या. ठराव टाइप करून द्यायचे मी पैसे घेत नाही. पाड्यांची नावं तेवढी बरोबर लिहून आणा.